निकड सहा

चार्जर किती किलोवॅटचा असावा, या एका प्रश्नावर मी आयुष्याची अकरा वर्षं घातली. लोक हसायचे. लग्नकार्यात कुणी विचारलं, काय करतेस, आणि मी सांगितलं, की समोरचा "हो का" म्हणून जिलेबीकडे वळायचा. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. प्रश्न ऐकायला फुटकळच आहे. पण त्याचं उत्तर चुकलं तर काय होतं, ते आता मला ठाऊक आहे, आणि तेच सांगायला बसले आहे.

आधी थोडं शास्त्र. कंटाळू नका, लवकर आटपते. किलोवॅट म्हणजे नळ किती जाड, आणि युनिट म्हणजे बादलीत किती पाणी पडलं. घरच्या सॉकेटचा नळ तीन किलोवॅटचा; गाडी संध्याकाळी लावायची आणि सकाळी निघायचं. हायवेवरचा नळ साठ, शंभर, दीडशेचा. चहा पिऊन होईतो गाडी तयार. मग सगळीकडे जाड नळच का नाही लावायचे? कारण मागची टाकी. गावात वीज येते ती डीपीतून, म्हणजे खांबांवर बसवलेल्या त्या रोहित्रातून, आणि आमच्या डोंगरातल्या गावांचे डीपी शंभर किलोवॅटचे. साठचे दोन चार्जर एकदम सुरू झाले की डीपी जळालाच. उलट सगळीकडे बारीक नळ लावले तर डीपी सुखात, पण ज्याला खरोखर तातडीनं निघायचंय, तो कपाळाला हात लावून बसणार.

२०३७ साली आमच्या गटानं यावर उत्तर काढलं. चार्जर सगळे सारखेच, साठपर्यंत देऊ शकणारे. पण कुठल्या गाडीला त्या क्षणी किती द्यायचं, ते एक यंत्र ठरवणार. धान्यबाजारात माप घालणारा असतो, त्याच्यावरून आम्ही गमतीनं त्याला मापारी म्हणायला लागलो, आणि तेच नाव पुढे सरकारी कागदांवर चढलं.

खरी अडचण माणसांची होती. निकड किती आहे असं विचारलं, तर जो तो म्हणणार, मलाच आधी पाहिजे. तेव्हा माणसाचं बोलणं ऐकायचं नाही, वागणं बघायचं, असं मी मांडलं. पडद्यावर दोनच बटणं, 'आत्ता हवं' आणि 'थांबतो'. बोट ठेवलं की कोण आहे ते यंत्राला कळतं. 'आत्ता हवं' दाबून गाडी भरताच जो खरंच निघून जातो, त्याची निकड खरी, त्याचा आकडा चढणार. दाबून मग तिथंच गप्पा छाटत बसला तर उतरणार. आणि जो दुसऱ्यासाठी आपणहून 'थांबतो' दाबतो, त्यानं तर आपल्याला निकड नाही हे स्वतःच कबूल केलं. त्याचा आकडा सगळ्यांत जोरात उतरणार. आकडा शून्य ते शंभर, आणि तो गाडीला नाही, माणसाला चिकटलेला. राज्यात कुठंही गाडी लावा, तुमची निकड तुमच्या आधी तिथं पोचलेली असते.

त्या बैठकीत मी गिरणीची गोष्ट सांगितली होती. मी नऊ वर्षांची असेन. आई गेल्यावर माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, मला सासरी सावरघळला नेलं. तिचे मालक हिंदुराव माने, माझे दाजी. त्यांना मूलबाळ झालं नाही. त्यांचं मूल म्हणजे मीच. दाजींनी माझं बोट धरून मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली. एकदा त्यांच्याबरोबर मी गिरणीत गेले. दळणाचे डबे ओळीनं लावलेले, आमचा डबा दुसरा. एक बाई आली, दाजी म्हणाले, "काय गडबड न्हाई, तुमचं होऊद्या आधी." आमच्याकडे घाईला गडबड म्हणतात. मग एक म्हातारा आला, मग आणखी कुणी. आमचा डबा मागे मागे जात राहिला, शेवटी लाईट गेली आणि आम्ही ज्वारी तशीच घेऊन घरी आलो.

बैठकीत मी म्हणाले, बघा, तिथं नंबर देणारा कुणी नव्हता. ज्याला निकड नव्हती तो आपसूक मागे सरकत होता. माणूस आपली जागा सोडतो, याहून खरी माहिती दुसरी नाही. सगळ्यांना फार आवडलं. आमचे गटप्रमुख निरंजन कारखानीस यांनी ते वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर घातलं, आणि मी आठवडाभर हवेत होते.

आणखी एक कलम माझंच. मापाऱ्यात कुणालाही हात घालता येणार नाही. इंजिनिअरला नाही, सरपंचाला नाही, मंत्र्यालाही नाही. गावात सत्ता कशी चालते ते मी लहानपणापासून पाहिलेलं. एकाला वशिल्यानं वाढवता आलं की महिन्याभरात सगळा डीपी चार घरांत वाटला जाईल, असं मी ठासून सांगितलं होतं. ते खरंही होतं. अजूनही खरंच आहे.

पुण्यातल्या सोसायट्यांत दोन वर्षं चाचणी झाली. तिथं जागा सोडणाऱ्याला खरोखरच कुठं जायचं नसे. आकडे दृष्ट लागण्यासारखे आले. मग मापारी तीन हजार गावांत गेला, त्यात सावरघळही आलं. चावडीमागच्या पटांगणात दहा चार्जर उभे राहिले तेव्हा दाजींनी पहिल्याला नारळ फोडला आणि येईल त्याला सांगितलं, आमच्या उज्ज्वलानं केलंय हे. ते स्वतः वडाप चालवायचे, विजेवरची जुनी जीप, गावापासून कराडपर्यंत माणसं न्यायची. चोपन्न किलोमीटर जायचं, चोपन्न यायचं, मध्ये घाट.

त्याच सुमाराला आक्काच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा कराडला डायलिसिस, सकाळी सातची पाळी. मी काळजीत पडले तर दाजी फोनवर म्हणाले, गाडी घरचीच आहे, कशाला जीव टांगतेस? त्यानंतर दर रविवारी मी फोन करायची आणि आक्का सांगायची, सगळं बरं हाय, तू तुझं काम बघ. मी माझं काम बघत होते.

सात महिन्यांनी भिकू सुतारांचा फोन आला. भिकूकाका म्हणजे दाजींचे शेजारी, चाळीस वर्षांचे मित्र. ते म्हणाले, पोरी, माझं नाव सांगू नको, पण येऊन जा, तुझ्या आक्काच्या पायावर सूज चढलीय. मी दुपारपर्यंत गावात पोचले. आक्का उंबऱ्यात बसलेली, चेहरा फुगलेला, बोलताना धाप. डायलिसिसच्या अकरा पाळ्या चुकल्या होत्या. मला कुणी एका शब्दानं कळवलं नव्हतं.

दाजींना विचारलं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "गाडी भरतच न्हाई गं."

मी पटांगणात गेले. त्यांची जीप आदल्या संध्याकाळपासून लावलेली होती. पडद्यावर आकडा होता. निकड सहा.

मी आयुष्यात सहा पाहिला नव्हता. चाचणीत सगळ्यांत खालचा माणूस एकोणीसवर होता, आणि तो वर्षातून सहा महिने परदेशी असायचा. सहाच्या आकड्याला दीड किलोवॅट मिळतं. रात्रभरात पंधरा युनिट. कराडला जाऊन यायला त्या जीपला सत्तावीस लागत. तिकडे कराडला चार तास गाडी लावली, तरी आकडा तिथंही सहाच.

नोंदी काढल्या. दाजींनी सात महिन्यांत आठशे चाळीस वेळा 'थांबतो' दाबलं होतं. कुणाला बाजार गाठायचा होता, कुणाला नुसती सासुरवाडी. जो येऊन जीपपाशी उभा राहील, त्याला दाजी म्हणत, काय गडबड न्हाई, तुझं होऊ दे. आणि भल्या मनानं बटण दाबत. पुढं पुढं आक्काला न्यायचं असायचं त्या दिवशीही दाबत, कारण समोर माणूस उभा आहे आणि आपण नाही म्हणायचं, हे त्यांना जमतच नव्हतं. पहिल्या काही महिन्यांत लोक उलटून त्यांनाही जागा द्यायचे. मग ज्यांची पोरं शिकलेली होती त्यांनी आकड्याचं गणित ओळखलं, घरोघरी सांगितलं, आणि जागा देणं गावातून हळूहळू उठलं. दाजी तेवढे राहिले. भिकूकाकांनी दोनदा आपल्या गाडीतून आक्काला नेलं. तिसऱ्यांदा मागायला दाजींना अवघड वाटलं.

मी पंधरा दिवसांची रजा टाकली. माझी निकड एक्क्याऐंशी. पुण्यात मी कधी कुणासाठी थांबलेच नव्हते. माझी गाडी लावली की पाऊण तासात भरायची आणि आजूबाजूच्या गाड्यांचे किलोवॅट खाली जायचे. दर एक दिवसाआड पहाटे आम्ही तिघं कराडला जायचो. आक्काची सूज उतरली, रंग परतला, एके दिवशी तर घाटात तिनं करवंदं घ्यायला गाडी थांबवायला लावली.

त्याच दिवशी परतताना, दाजी मागे झोपले होते तेव्हा, मी तिला मापारी कसा चालतो ते सांगितलं. गिरणीची गोष्टही सांगितली. मला वाटलं तिला गंमत वाटेल.

आक्का बाहेर बघत होती. मग म्हणाली, "उज्जे, त्या दिशी घरात पीठ न्हवतं. मूठभरसुदिक न्हवतं. तुला भिकूच्या घरनं भाकरी आणून घातली. आमी दोघं पाणी पिऊन निजलो."

मी गाडी कडेला घेतली. तिनं विचारलं, काय झालं? मी काही नाही म्हणाले. काय सांगणार? राज्यातल्या तीन हजार गावांत जे यंत्र बसवलं होतं, त्याच्या पहिल्या पानावर तो दिवस होता, आणि मी तो उलटा वाचला होता. त्या ओळीत सगळ्यांत भुकेला माणूस सगळ्यांत मागे उभा होता. मी त्याच्या हाताशी उभी राहूनही मला ते दिसलं नाही, कारण माझं पोट भरलेलं होतं.

मी तिला पुण्याला चल म्हणाले. ती हसली आणि म्हणाली, दोन दिवसांत तुझ्या फ्लॅटात माझा जीव घुसमटंल. मी फार आग्रह केला नाही. रजा संपली आणि मी परत गेले.

कारखानिसांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. नोंदी पाहून तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला की चूक आहे हे मान्य, पुढच्या सुधारणेत घालू, सुधारणा आठ महिन्यांनी. एका माणसाचा आकडा आत्ता बदलता येणार नाही, तशी सोयच ठेवलेली नाही. मग ओशाळून म्हणाला, "ते कलम तुझंच आहे, उज्ज्वला." वर त्यानं हेही दाखवलं की तीन हजार गावांत थांबण्याची सरासरी वेळ एकतीस टक्क्यांनी कमी झाली आहे. ते आकडे खोटे नव्हते. थांबणारे कमी झाले होते.

उरला एकच मार्ग. आकडा वागण्यानं उतरतो, तर वागण्यानंच चढवायचा. मी शनिवारी गावी गेले आणि दाजींना समोर बसवून शिकवलं. कुणी येऊन उभं राहिलं तर वर बघायचं नाही. 'आत्ता हवं' दाबायचं. गाडी जेवढी भरेल तेवढी भरली की ताबडतोब निघायचं, कुठं जायचं नसलं तरी. फाट्यापर्यंत जाऊन यायचं. असं रोज, दिवसातून तीनदा. दीड-दोन महिन्यांत पन्नाशी गाठता येईल, आणि पन्नाशीला बारा किलोवॅट मिळतं.

"आणि कुणाचं खरंच नडलेलं आसलं तर?" दाजींनी विचारलं.

मी म्हणाले, "आपलंही नडलंय."

ते करू लागले. सुरुवातीला रोज फोन यायचा. आज दोघांना नाही म्हणालो. आज एकाला. आवाजात काहीतरी चोरून आणल्यासारखं असायचं. मग फोन कमी झाले, आणि मी पुण्यात बसून त्यांचा आकडा चढताना बघत राहिले. अकरा. एकोणीस. सव्वीस. रिकामी जीप फाट्यापर्यंत जायची, तिथं वळायची, परत यायची. एका रविवारी मी गेले तेव्हा पाहिलं, फाट्यावर तशा नऊ गाड्या वळत होत्या. सगळं गाव कुठंही न जाता निघत होतं. मापाऱ्याच्या लेखी सावरघळ हे तालुक्यातलं सगळ्यांत गडबडीतलं गाव होतं.

चौतीसवर असताना भिकूकाका आले. त्यांच्या मुलीला बघायला सांगलीहून पाहुणे यायचे होते, ते तालुक्याच्या स्टँडवर उतरून बसले होते आणि काकांची गाडी अर्धीच भरून अडकलेली. त्यांनी दाजींना सांगितलं, हिंदुराव, तासभर सोड. दाजींनी मान खाली घातली आणि बोट ठेवलं, 'आत्ता हवं'. पाहुण्यांना आणायला दीड तास उशीर झाला, ते तिथूनच माघारी गेले. पुढं ते स्थळ जुळलं असतं की नाही, कोण सांगणार? पण दोन घरांमधली वाट त्या दिवसापासून बंद झाली. आक्का परसातून हाक मारायची, तर भिकूकाकांच्या घरच्या काकू आत निघून जायच्या.

आक्कानं दाजींना एवढंच विचारलं, माझ्यासाठी केलं का? ते हो म्हणाले. ती म्हणाली, मग मला आधी विचारायचं होतं.

दीड महिन्यांनी आकडा बावन्न झाला. त्या सोमवारी पहाटे जीप काठोकाठ भरलेली होती, पहिल्यांदाच. दाजी आक्काला उठवायला आत गेले आणि आक्का उठली नाही. डॉक्टर म्हणाले, मधल्या पाळ्या चुकल्या तेव्हाच हृदय दमलं होतं. नंतर पंधरा दिवस नेमानं झालेल्या आणि पुढं दीड महिना जमतील तशा झालेल्या पाळ्या त्यावर पुऱ्या पडल्या नाहीत. मी पुण्याहून निघाले. वाटेत एकदा गाडी भरून घ्यावी लागली. सोळा मिनिटं लागली. माझी निकड होती ना.

आक्का गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मी पुन्हा गेले, दुपारची. नोकरी तोवर सोडली होती. त्यानं काही फरक पडला नाही, माझ्या जागी दुसरी मुलगी आली आणि हुशार आहे. सुधारणाही पुढं ढकलली गेली, कारण लोकांचं वागणंच आता इतकं बदललं होतं की जागा सोडणारं कुणी नमुन्याला सापडेना.

दाजी पटांगणात होते. जीप लावलेली, ते कट्ट्यावर बसलेले. पडद्यावर निकड चौऱ्याण्णव. मी चकित झाले. तेव्हा त्यांनी सांगितलं की ते अजून एक दिवसाआड पहाटे कराडला जातात. वडाप बंद केलंय, माणसं घेत नाहीत. डायलिसिसच्या दारासमोर चार तास बसायचं आणि परत यायचं. त्या वेळेला घरात बसवत नाही, म्हणाले. मापारी ते बघत होता. गाडी भरताच निघणारा, एकही दिवस न चुकणारा, कुणासाठी न थांबणारा माणूस. सावरघळमध्ये त्यांच्याएवढी निकड कुणालाच नव्हती.

मी शेजारच्या चार्जरला माझी गाडी लावली. मला कुठंच जायचं नव्हतं. दोन दिवस राहायचं म्हणून आले होते. पलीकडे भिकूकाका आले. त्यांच्या गाडीला नऊ किलोवॅट जात होतं. ते गाडीशी उभे राहिले, आकड्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. काकू दवाखान्यात होत्या, डबा न्यायचा होता; हे मला सकाळीच फोनवर कुणीतरी सांगितलं होतं. ते काही मागायला आले नाहीत. दाजीही उठले नाहीत.

मला वाटलं, निदान मी तरी. मी 'थांबतो' कडे बोट नेलं. दाजींनी माझं मनगट धरलं.

"दाबू नको," ते म्हणाले.

मी म्हणाले, दाजी, मला काही गडबड नाही. खरंच नाही.

"तसं म्हणू नको, बाळ. ते लिहून ठेवतं." त्यांचा आवाज मऊ होता, पूर्वीसारखाच. "उद्या तुझं नडंल तवा ते तुझ्याकडं बघायचं न्हाई. मागचं काढून बसंल."

आणि पाटीवर अक्षर गिरवताना धरायचे तसं माझं बोट धरून त्यांनी ते 'आत्ता हवं' वर ठेवलं. माझी गाडी भरायला लागली. भिकूकाकांच्या पडद्यावर नऊचे दोन झाले. ते थोडा वेळ तिथं उभे राहिले, मग डबा हातात घेऊन फाट्याच्या दिशेनं चालत निघाले.